बारावीनंतर थेट व्यवस्थापन शिक्षण : अर्ज लवकर करावा की थांबावे?

व्यवस्थापनाचे शिक्षण म्हणजे आधी पदवी, मग ‘कॅट’ची परीक्षा आणि त्यानंतर एमबीए, असा क्रम दीर्घकाळ रूढ होता. आता बारावीच्या वर्षातच या शिक्षणाचे दार उघडते आणि त्यासाठीचे अर्ज बारावीचा निकाल लागण्याआधीच भरावे लागतात. हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांत हा प्रश्न विशेष जाणवतो. हुबळी ही उत्तर कर्नाटकातील मोठी व्यापारपेठ आहे, तर धारवाड हे विद्येचे गाव. 1962 मध्ये दोन्ही शहरांची एकच महानगरपालिका झाली. कापूस, धान्य, मालवाहतूक आणि किरकोळ व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या असलेली कुटुंबे एकीकडे आणि प्राध्यापक, वकील, बँक कर्मचारी यांची कुटुंबे दुसरीकडे. दोन्ही घरांत व्यवस्थापनाच्या पदवीविषयी ओढ आहे. कारणे मात्र निराळी आहेत.

गोव्याला ही शहरे परकी नाहीत. वास्को-कुळे लोहमार्ग ज्या दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात येतो, त्या रेल्वेचे मुख्यालय हुबळीलाच आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना नातेसंबंध असलेली मराठी कुटुंबेही बरीच आहेत. शिवाय प्रश्न तोच आहे. राज्याचे मंडळ वेगळे असले तरी सतराव्या वर्षी पाच वर्षांचा आणि लाखो रुपयांचा निर्णय घेण्याची वेळ डिचोलीच्या घरातही येते आणि धारवाडच्या घरातही.

‘लवकर अर्ज’ या शब्दांचे तीन अर्थ

या विषयातील बराचसा गोंधळ शब्दांमुळे होतो. ‘लवकर अर्ज’ असे म्हणताना तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जातात.

पहिला अर्थ अमेरिकी विद्यापीठांच्या ‘अर्ली डिसिजन’ पद्धतीचा. तेथे विद्यार्थी एकाच विद्यापीठाला बांधील राहण्याचे वचन देऊन इतरांच्या आधी अर्ज करतो. दुसरा अर्थ भारतातील खासगी विद्यापीठांच्या पहिल्या फेरीचा. येथे लेखी बांधिलकी नसते; परंतु जागा राखण्यासाठी शुल्काचा पहिला हप्ता भरावा लागतो आणि त्या पैशाने कुटुंब बांधले जाते. तिसरा अर्थ वयाचा. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी घ्यायचा एमबीएचा निर्णय सतराव्या वर्षीच घेणे, म्हणजे आयआयएमच्या पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणे.

या तिन्हींचे फायदे-तोटे भिन्न आहेत. एकासाठी योग्य असलेला सल्ला दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक ठरते.

आयआयएमचे दार बारावीनंतर

बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक व्यवस्थापन अभ्यासक्रम, म्हणजे ‘आयपीएम’, आयआयएम इंदूरने 2011 मध्ये प्रथम सुरू केला. त्यानंतर 2019 मध्ये रोहतक आणि 2021 मध्ये रांची, जम्मू व बोधगया येथील संस्थांनी तो स्वीकारला. आयआयएम कायदा 31 जानेवारी 2018 रोजी अमलात आला आणि पूर्वी केवळ पदविका देऊ शकणाऱ्या या संस्थांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. बारावीनंतरच्या अभ्यासक्रमांना त्यामुळे बळ आले. 2025 मध्ये आयआयएम कोळीकोडने आपल्या कोची परिसरात चार वर्षांचा व्यवस्थापन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. आयआयएम बंगळुरूनेही अर्थशास्त्र आणि विदाविज्ञान या विषयांतील पदवी अभ्यासक्रमांची घोषणा केली आहे.

आयपीएमची पहिली तीन वर्षे पायाभरणीची असतात. गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र, साहित्य, संवादकौशल्य असे विषय त्यात येतात. शेवटची दोन वर्षे ‘कॅट’ देऊन आलेल्या एमबीए विद्यार्थ्यांबरोबर जातात. विद्यार्थ्याला पुन्हा ‘कॅट’ द्यावी लागत नाही, हे या अभ्यासक्रमाचे मुख्य आकर्षण आहे. मात्र तिसऱ्या वर्षानंतर पुढे जाण्यासाठी प्रत्येक संस्थेने किमान गुणांची अट ठेवलेली असते. प्रवेश मिळाला म्हणजे एमबीए निश्चित झाली, असे समजणे चुकीचे आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे का आणि त्या पदवीचे नाव काय, हे माहितीपत्रकात आधीच पाहून घ्यावे.

प्रवेशपरीक्षाही एकच नाही. इंदूरची स्वतःची परीक्षा आहे. तिच्यात गणिताचे दोन भाग (एक बहुपर्यायी, दुसरा उत्तर स्वतः लिहिण्याचा) आणि इंग्रजी भाषेचा एक भाग असतो. प्रत्येक भागाला 40 मिनिटे मिळतात. त्यानंतर मुलाखत होते. रोहतकची परीक्षा वेगळी. जम्मू व बोधगया यांच्यासाठी राष्ट्रीय परीक्षा संस्था ‘जिपमॅट’ घेते. तिच्यात 150 मिनिटांत 100 प्रश्न सोडवावे लागतात. दिल्ली विद्यापीठाचा व्यवस्थापन अभ्यासक्रम 2022 पासून ‘सीयूईटी’च्या गुणांवर अवलंबून आहे आणि त्यासाठी या परीक्षेत गणित हा विषय द्यावा लागतो. शुल्क कमी आणि दर्जा चांगला असा हा सार्वजनिक पर्याय आहे, परंतु दक्षिणेकडील घरांत त्याचा विचार क्वचितच होतो.

गणिताची अडचण

इंदूरच्या परीक्षेला सर्व शाखांचे विद्यार्थी बसू शकतात. कागदावर हे दार सर्वांना खुले आहे. प्रत्यक्षात मात्र ते गणितावर अडते. लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, क्रमचय-संचय, संभाव्यता हे अकरावी-बारावीच्या गणिताचे घटक परीक्षेत येतात.

कर्नाटकात बारावीला द्वितीय पीयूसी म्हणतात. तेथील वाणिज्य शाखेत विषयांचे गट ठरलेले असतात. इतिहास घेणारा ‘हेबा’, संख्याशास्त्र घेणारा ‘सेबा’, संगणकशास्त्र घेणारा ‘सेबा’ आणि गणित घेणारा ‘मेबा’ अशा आद्याक्षरांच्या नावांनी ते ओळखले जातात. मधल्या दोहोंचा उच्चार सारखाच, लिहिण्याची इंग्रजी आद्याक्षरे मात्र वेगळी. अर्थशास्त्र, व्यवसाय अध्ययन आणि लेखाशास्त्र हे विषय या सर्व गटांत समान असतात. दहावीनंतर निवडलेला हा चौथा विषय दोन वर्षांनंतरच्या प्रवेशपरीक्षेत निर्णायक ठरू शकतो. गणित न घेतलेल्या विद्यार्थ्याने प्रयत्न करू नये असे नाही. परंतु त्याने तयारी बारावीच्या सुट्टीत नव्हे, तर अकरावीपासून करायला हवी. गोव्यातील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही हीच गोष्ट लागू आहे. या अर्थाने अर्जाचा खरा निर्णय दहावीनंतर विषय निवडतानाच अर्धा झालेला असतो.

वेळापत्रकातील कोंडी

कर्नाटक मंडळाने 2024 पासून द्वितीय पीयूसीच्या वर्षातून तीन परीक्षा घेण्याची पद्धत सुरू केली. पहिली परीक्षा मार्चमध्ये होते आणि तिचा निकाल 2024 व 2025 या दोन्ही वर्षी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात लागला. गुण कमी पडले तर उन्हाळ्यात पुन्हा परीक्षा देता येते. निकाल लवकर लागतो ही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे. परंतु तिच्यातूनच कोंडी निर्माण होते.

आयआयएमचे अर्ज साधारणतः वर्षाच्या पहिल्या तिमाहीत, म्हणजे बारावीच्या परीक्षेच्या ऐन धामधुमीत भरावे लागतात. परीक्षा उन्हाळ्यात होते. मुलाखती आणि निवडयाद्या त्यानंतर लागतात. प्रतीक्षायादी पुढे आणखी काही आठवडे सरकत राहते. दरम्यान हुबळी-धारवाडमधील महाविद्यालयांचे प्रवेश पीयूसीच्या निकालानंतर लगेच सुरू झालेले असतात. चांगल्या महाविद्यालयांत बीकॉम, बीबीएच्या जागा भरत जातात. थांबावे तर गावातली जागा जाते, प्रवेश घ्यावा तर भरलेल्या शुल्काची चिंता.

या कोंडीवर उपाय म्हणजे दोन्ही करणे : स्थानिक प्रवेश निश्चित करावा आणि परताव्याचे नियम हाताशी ठेवावेत.

शुल्क परत मिळते का?

या बाबतीत बहुसंख्य पालक आवश्यकतेपेक्षा अधिक घाबरतात, असे म्हणता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर 2018 मध्ये प्रवेश रद्द करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी परताव्याचे कोष्टक जाहीर केले. प्रवेशाच्या अधिसूचित अंतिम तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण शुल्क परत करावे लागते. प्रक्रिया खर्च म्हणून जास्तीत जास्त 5 टक्के आणि तोही 5,000 रुपयांच्या मर्यादेत कापता येतो. अंतिम तारखेला 15 दिवसांहून कमी उरले असतील तर 90 टक्के, अंतिम तारीख उलटून 15 दिवसांपर्यंत 80 टक्के, त्यानंतर 30 दिवसांपर्यंत 50 टक्के परतावा मिळतो. 30 दिवस उलटले की काहीही मिळत नाही.

प्रवेशपरीक्षा लांबत असल्याने आयोगाने काही वर्षी याहून उदार सवलत दिली. 2024-25 या वर्षासाठी 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण परतावा आणि 31 ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास जास्तीत जास्त 1,000 रुपये कापून परतावा, असा आदेश होता. अशी सवलत त्या त्या वर्षापुरती असते, म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावे.

याच नियमांनुसार कोणतेही महाविद्यालय विद्यार्थ्याची मूळ गुणपत्रिका वा दाखला स्वतःकडे अडकवून ठेवू शकत नाही. पडताळणी करून मूळ कागद परत द्यावे लागतात. संपूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क एकरकमी आगाऊ मागण्यासही मनाई आहे. खासगी विद्यापीठे व अभिमत विद्यापीठे या नियमांच्या कक्षेत येतात. आयआयएम मात्र स्वतंत्र केंद्रीय कायद्याखालील संस्था असल्याने तेथील परताव्याचे नियम त्यांच्या प्रवेशपत्रात वाचावे लागतात. पहिल्या फेरीत पैसे भरण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी लेखी स्वरूपात मिळवाव्यात : प्रवेशाची अधिसूचित अंतिम तारीख, परताव्याचे कोष्टक आणि शिष्यवृत्ती पुढील वर्षी टिकण्याची अट. दूरध्वनीवरील आश्वासनाला पुढे आधार राहत नाही.

परदेशातील बांधील अर्ज

अमेरिकेतील निवडक विद्यापीठांच्या व्यवस्थापन शाखांकडे वळणारे विद्यार्थी संख्येने थोडे असले तरी प्रत्येक शहरात आहेत. 1881 मध्ये स्थापन झालेले पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील व्हार्टन स्कूल हे विद्यापीठाच्या अंगाने चालणारे जगातील पहिले व्यवस्थापन विद्यालय मानले जाते, आणि तेथे पदवी स्तरावर लवकर अर्जाची पद्धत आहे.

‘अर्ली डिसिजन’चा अर्ज सामान्यतः 1 नोव्हेंबरपर्यंत करायचा असतो. निर्णय डिसेंबरच्या मध्यास कळतो. नियमित अर्जांची मुदत जानेवारीच्या आरंभी असते आणि त्यांना 1 मेपर्यंत उत्तर देता येते. बांधील अर्जाच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा प्रतिनिधी असे तिघे सही करतात. असा अर्ज एकाच विद्यापीठाला करता येतो आणि प्रवेश मिळाल्यास इतर सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात. ‘अर्ली ॲक्शन’ हा दुसरा प्रकार बांधील नसतो. निर्णय लवकर कळतो, पण मे महिन्यापर्यंत विचार करता येतो. दोन्ही नावे सारखी वाटत असल्याने येथे गल्लत होण्याचा धोका असतो.

लवकर अर्ज केल्याने संधी वाढते का, याचे उत्तर अभ्यासातून मिळालेले आहे. क्रिस्टोफर ॲव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी 14 निवडक महाविद्यालयांच्या प्रवेशनोंदी तपासून 2003 मध्ये ‘द अर्ली ॲडमिशन्स गेम’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. समान पात्रतेच्या दोन विद्यार्थ्यांमध्ये लवकर अर्ज करणाऱ्याला मिळणारा लाभ 1600 गुणांच्या ‘सॅट’ परीक्षेत सुमारे 100 गुण अधिक मिळवण्याइतका असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. या पद्धतीचा फायदा सुस्थितीतील घरांनाच होतो, अशी टीका वाढल्यावर हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी 2006 मध्ये लवकर अर्ज बंद करण्याची घोषणा केली. 2011 मध्ये दोघांनीही ते पुन्हा सुरू केले.

ही टीका भारतीय कुटुंबांसाठी अधिकच महत्त्वाची आहे. बांधील अर्ज करणाऱ्याला निरनिराळ्या विद्यापीठांचे आर्थिक साहाय्य समोर ठेवून तुलना करता येत नाही. बहुतेक अमेरिकी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याने साहाय्य मागितले तर प्रवेशाचा निर्णय घेताना त्या मागणीचाही विचार करतात. आर्थिक गरज न पाहता परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देणारी विद्यापीठे मोजकी आहेत. साहाय्य अपुरे ठरल्यास करारातून मुक्त होता येते, हे खरे. पण तोपर्यंत डिसेंबर संपत आलेला असतो आणि नियमित अर्जांसाठी जेमतेम दोन आठवडे उरतात. म्हणून पूर्ण खर्च पेलण्याची तयारी असेल आणि त्या विद्यापीठाहून दुसरे काही नको असेल, तरच बांधील अर्ज करावा. ज्या घराला शिष्यवृत्तीची तुलना करूनच ठरवायचे आहे, त्याने नियमित फेरीत किंवा ‘अर्ली ॲक्शन’मध्ये अर्ज करणे हिताचे.

ब्रिटनमध्ये परिस्थिती निराळी आहे. ऑक्सफर्ड व केंब्रिजसाठी ऑक्टोबरच्या मध्याची मुदत आहे. बाकी बहुतेक अभ्यासक्रमांसाठी जानेवारीतील मुदतीपर्यंत आलेल्या सर्व अर्जांचा समान विचार होतो. तेथे लवकर अर्ज करणे म्हणजे केवळ वेळेत काम उरकणे.

खर्चाचा हिशेब

आयआयएम इंदूरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा एकूण खर्च 30 लाख रुपयांपलीकडे जातो. बीकॉम किंवा बीबीए गावात करून नंतर एमबीए केल्यास पहिल्या तीन वर्षांचा खर्च त्याच्या अल्प अंशात भागतो. हा फरक किती मोठा आहे हे कर्जाच्या हप्त्यातून स्पष्ट होते. 20 लाख रुपयांचे कर्ज 10 टक्के व्याजाने 10 वर्षांत फेडायचे ठरवल्यास दरमहा सुमारे 26,400 रुपये द्यावे लागतात. शिक्षणाच्या काळात साचलेले व्याज यात धरलेले नाही. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात ते व्याज दोन वर्षांच्या एमबीएपेक्षा अधिक काळ साचते, ही बाब नजरेआड होऊ नये.

मदतीच्या योजना आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत दर्जेदार ठरवलेल्या संस्थांमध्ये प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. 7.5 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला 75 टक्के पतहमी केंद्र देते. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि अन्य शिष्यवृत्ती वा व्याजसवलत न घेणाऱ्या विद्यार्थ्याला 10 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात व्याजात 3 टक्के सवलत मिळू शकते. गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे. संस्था या योजनांच्या यादीत बसते का, याची चौकशी अर्ज भरण्यापूर्वीच करणे शहाणपणाचे. प्रवेश मिळाल्यानंतर शुल्काची मुदत थोड्याच दिवसांची असते.

आरक्षणाच्या कागदांचेही तसेच. आयआयएममध्ये केंद्रीय आरक्षण लागू आहे. राज्याच्या यादीत मागास म्हणून नोंदलेली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही. केंद्रीय नमुन्यातील, चालू आर्थिक वर्षाचे क्रीमी लेयरमध्ये नसल्याचे किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते. कर्नाटकात त्यासाठी नाडकचेरी आणि तहसील कार्यालय, गोव्यात मामलेदार कार्यालय गाठावे लागते. ऐन मे महिन्यात ही धावपळ टाळता आली तर उत्तम.

गावात राहिले तर?

थांबणे म्हणजे संधी गमावणे, अशी एक समजूत रूढ होत आहे. हुबळी-धारवाडपुरता विचार केला तरी ती खरी नाही. 1949 मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बीकॉम आणि बीबीए आहे; विद्यापीठाची कौसाळी व्यवस्थापन अध्ययन संस्था एमबीए देते. 1947 मध्ये सुरू झालेल्या भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालयातून विकसित झालेले केएलई तांत्रिक विद्यापीठ हुबळीच्या विद्यानगरात आहे आणि तेथे व्यवस्थापनाचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण मिळते. नवउद्योगांना पाठबळ देणारी देशपांडे फाउंडेशनची यंत्रणा याच शहरात उभी आहे. सनदी लेखापाल संस्थेची शाखाही हुबळीत आहे. बीकॉम करता करता सीएचा मार्ग धरणारे विद्यार्थी तेथे जातात. मालवाहतुकीत देशभर पसरलेल्या व्हीआरएल लॉजिस्टिक्ससारख्या उद्योगाचे मुख्यालय हुबळीजवळ वरूर येथे असणे हीदेखील व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यासाठी एक शिकवणीच आहे.

पदवीच्या कालावधीचा विचारही करावा लागतो. कर्नाटकाने 2024-25 पासून चार वर्षांची रचना सोडून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीचा मार्ग स्वीकारला. गोवा विद्यापीठात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची रचना आहे. कर्नाटकात तीन वर्षे पदवी आणि दोन वर्षे एमबीए मिळून पाच वर्षेच होतात. म्हणजे आयपीएममुळे वर्ष वाचते हा समज चुकीचा आहे. वाचते ती ‘कॅट’ची स्पर्धा. 2024-25 पासून बीबीए अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला असल्याने महाविद्यालयाची मान्यता तपासावी. त्याच वर्षापासून महाराष्ट्रात बीबीए-बीएमएससाठी राज्याची सीईटी सुरू झाली. कोल्हापूर किंवा पुण्याकडे पाहणाऱ्यांनी तिची तारीख लक्षात ठेवावी.

कोणी अर्ज करावा, कोणी थांबावे

गणिताची गोडी आहे, इंग्रजीत वाचन आहे, घरापासून दूर राहण्याची तयारी आहे आणि अर्थकारण, संस्था, बाजार यांविषयी कुतूहल आहे, अशा विद्यार्थ्याने आयपीएमसाठी अवश्य अर्ज करावा. प्रवेशपरीक्षा देण्याने काही बिघडत नाही. निर्णय प्रवेश मिळाल्यानंतरही घेता येतो. अर्ज करणे आणि प्रवेश स्वीकारणे या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत. दुसरी पायरी मोठ्या कर्जाची असल्याने घरात खरी चर्चा तिच्याविषयी व्हायला हवी.

ज्याला अजून कायदा, अर्थशास्त्र, पत्रकारिता, सीए असे चार मार्ग एकाच वेळी खुणावतात, त्याने तीन वर्षांची पदवी घ्यावी. ‘कॅट’ देताना पदवीचा विषय कोणताही चालतो. सर्वसाधारण गटासाठी पदवीला 50 टक्के गुण पुरतात. कामाचा एक-दोन वर्षांचा अनुभव घेऊन एमबीएला गेलेला विद्यार्थी वर्गात अधिक घेऊ शकतो. घरचा व्यवसाय पुढे चालवायचा असेल तर प्रश्न आणखी वेगळा. दुकानात, गोदामात, हिशेबात हात घातलेल्या मुलाला तीन वर्षांनी व्यवस्थापनातले काय शिकायचे आहे हे अधिक नेमके कळते.

केवळ आयपीएमसाठी एक वर्ष घरी बसण्याचा विचार मात्र सावधपणे करावा. उत्तीर्ण होण्याच्या वर्षाविषयी आणि वयाविषयी संस्थांच्या अटी असतात व त्या बदलतात. त्या वर्षात स्थानिक पदवीला नाव घालून तयारी केली तर प्रयत्न फसला तरी शैक्षणिक वर्ष हातात राहते.

पहिल्या फेरीत शिष्यवृत्ती अधिक, जागा अधिक, असे खासगी विद्यापीठे सांगतात. ते काही वेळा खरेही असते. त्यासाठी पालकांनी विद्यापीठाकडे साधे प्रश्न विचारावेत : गेल्या वर्षी पहिल्या फेरीत किती जागा भरल्या? शेवटच्या फेरीत शिष्यवृत्ती उरते का? नोकरी मिळालेल्यांचे सरासरी नव्हे, तर मध्यक वेतन किती? तीन वर्षांनंतर सोडणाऱ्यांचे प्रमाण किती? उत्तर लेखी देणारी संस्था आणि उत्तर टाळणारी संस्था यांतील फरक पालकांना लगेच कळतो.

वर्षाचे नियोजन

अकरावीत असतानाच गणित आणि इंग्रजी वाचनाची तयारी सुरू करावी. बारावीच्या ऑगस्टमध्ये परदेशी अर्जांचा सामायिक अर्जनमुना खुला होतो; बांधील अर्जाचा निर्णय सप्टेंबरअखेर घरात पक्का व्हावा. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात खासगी विद्यापीठांच्या पहिल्या फेऱ्यांकडे पाहावे, परंतु परतावा लेखी मिळाल्याखेरीज पैसे भरू नयेत. डिसेंबरपूर्वी जातीचे, उत्पन्नाचे दाखले हाती असावेत. आर्थिक वर्षाची अट असलेले प्रमाणपत्र एप्रिलमध्ये नव्याने काढावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडळाच्या परीक्षेच्या अभ्यासातून आयआयएमच्या अर्जांसाठी एक दिवस बाजूला काढावा. निकाल लागताच स्थानिक महाविद्यालयात जागा निश्चित करावी आणि प्रवेश रद्द करण्याची मुदत भिंतीवरील दिनदर्शिकेत नोंदवून ठेवावी. आयआयएमच्या निवडयादीत नाव आले, तर शुल्क भरण्यापूर्वी बँकेचे मंजुरीपत्र आणि घरचा महिन्याचा जमाखर्च एकत्र मांडून पाहावा. हप्ता त्या जमाखर्चात बसत असेल तर प्रवेश स्वीकारावा. बसत नसेल तर गावातील जागा तोवर राखलेली असतेच.